खांद्याच्या वरचा कारभार

लग्नानंतरच्या तिसऱ्या पोळ्याला सासूबाईंनी ओवाळायचं ताट माझ्या हातात दिलं आणि मी फुगून बसले. बहात्तरचा दुष्काळ पडायला अजून अवकाश होता, प्रवरेला पाणी होतं, आणि दारात आमचे दोन्ही बैल शिंगांना हिंगूळ लावून, पाठीवर झुली घेऊन उभे होते. पोळ्याच्या बैलांना कुंकू लावायचं, ओवाळायचं आणि पुरणपोळीचा घास भरवायचा, हा मान आमच्याकडे घरच्या मालकिणीचा. सुनेनं पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभं राहायचं. मी दोन पोळे तांब्या घेऊन काढले होते. त्या दिवशी सासूबाई बैलांसमोर गेल्या, ताट घेऊन जराशा थांबल्या आणि मागे वळून मला म्हणाल्या, “घे. तूच ओवाळ. आता घर तुझंच हाय.”

शेजारच्या काकू बघत होत्या. त्या म्हणाल्या, “लई लवकर मोकळ्या झाला की, बाई.” सासूबाई हसल्या. सासरे बैलांची दावी धरून उभे होते. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा बैलाकडे पाहिलं. सासरे एरवीही दिवसाला दहा शब्द बोलत, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मला मिळालेला हा काही पहिला मान नव्हता. आखाडापासूनच एकेक गोष्ट माझ्याकडे येत होती. आधी शिंक्यावरचं लोणी. मांजराच्या भीतीनं लोण्याचं गाडगं आढ्याला टांगलेल्या शिंक्यात असे, आणि त्याला हात फक्त सासूबाई लावत. एके सकाळी त्या म्हणाल्या, “आजपास्नं लोनी तू काढत जा.” मग वरच्या फळीवरचे गुळाचे, शेंगदाण्यांचे डबे माझ्या ताब्यात आले. मग मोठ्या दाराची वरची कडी लावायचं काम. मी नवऱ्याला म्हटलं, “आत्याबाईंचा जीव बसलाय माझ्यावर.” नवरा गावच्या दूध सोसायटीत माप घ्यायचा. तो म्हणाला, “बसला असंल,” आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला. त्याला दुधातलं पाणी कळे, माणसातलं फारसं नाही.

या सगळ्याच्या बदल्यात मी काय करत होते, तर पाय चेपत होते. दुपारची जेवणं झाली की सासूबाई मधल्या घरात घोंगडीवर कलंडत आणि मी त्यांच्या पायाशी बसे. सुनेनं सासूचे पाय चेपावेत हा रिवाज, आणि गुडघ्याच्या वर हात नेऊ नये हाही रिवाजच. तीन वर्षांत त्यांच्या पोटरीतली गाठ न् गाठ मला पाठ झाली होती. खांदा मात्र मी पदराखाली कधी नीट पाहिलाही नव्हता.

गणपतीत नवऱ्यानं बातमी आणली. संगमनेरला एक हाडांचे डॉक्टर नवे आले होते. त्यांच्याकडच्या बायका पेशंट पुरुष माणसाला हात लावू देत नसत, म्हणून त्यांना मालिश करणाऱ्या बायका हव्या होत्या. सहा महिने दुपारचा वर्ग, त्यात शरीराची माहिती शिकवणार, मग परीक्षा, आणि पास झालं तर दवाखान्यात काम. लिहितावाचता येणारी हवी, एवढीच अट. मी मॅट्रिक झालेली होते आणि ते मॅट्रिक चुलीपुढे वाया चाललंय असं मला दिवसातून दोनदा वाटायचं. पण सासूबाई नाही म्हणणार हे मी धरूनच चालले होते.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “निसते पायच शिकवत्यात, का वरचंबी?”

“सगळं अंग शिकवतात म्हणे.”

“मग जा. दुपारचं मी बघीन.”

मी मनात म्हटलं, बाई, हिच्यासारखी सासू अख्ख्या तालुक्यात नसेल.

वर्ग दवाखान्याच्या मागच्या खोलीत भरायचा. आम्ही सहा बायका आणि पुरुष पेशंटांसाठी दोन पुरुष होतो. माझ्या शेजारी दवाखान्यातलीच एक आया बसे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, अंगानं दणकट, आणि बोलायला लागली की डॉक्टरांनाही थांबावं लागे. सराव करायला आम्हा दोघींची जोडी लावली होती. फळ्यावर काढून समजलं नाही तर डॉक्टर सदऱ्याची बाही वर करून स्वतःच्या हातावर शाईनं स्नायू काढून दाखवत. वर्ग सुटेपर्यंत त्यांचा हात पोळ्याच्या बैलासारखा रंगलेला असे.

पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकीला जोडीदारणीचा पाय चोळायला सांगितला. माझ्याजवळ येऊन ते थांबले. “हात चांगला आहे तुमचा. कुठे शिकलात?”

“सासरी,” मी म्हटलं. सगळे हसले.

“बरं, अंगठ्याखाली आत्ता काय आहे?”

“पोटरी.”

“आणि पोटरीच्या आत?”

तीन वर्षं जे रोज दाबत होते त्याच्या आत काय आहे, हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. पोटरीत वरच्या बाजूला दोन फाट्यांचा एक स्नायू असतो, त्याच्याखाली दुसरा, आणि दोन्ही मिळून टाचेच्या वरच्या जाड शिरेला जोडलेले असतात. तिला आपण शीर म्हणतो, पण ती रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. काळीज रक्त खाली ढकलतं, पण पायातून ते परत वर चढायचं कसं? त्यासाठी शिरांमध्ये बारीक बारीक झडपा असतात, वरच्या बाजूलाच उघडणाऱ्या. आपण चाललो की पोटरी आवळते, शीर दाबली जाते, आणि रक्त एक झडप वर चढतं. म्हणून चोळायचं ते घोट्याकडून गुडघ्याकडे. आणि एकच पाय सुजलेला, गरम, दुखरा दिसला तर त्याला बोटही लावायचं नाही, आधी त्यांना हाक मारायची. हे त्यांनी आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

माझी पंचाईत झाली. आमच्याकडे वरून खाली चोळतात. दुखणं पायाच्या बोटांपर्यंत ओढत न्यायचं, बोटं कडाकडा मोडायची, म्हणजे ते बाहेर पडतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. दुसऱ्या दिवशी वर्गाला निघायच्या आधी मी सासूबाईंची पोटरी खालून वर चोळायला घेतली आणि त्या ताडकन उठून बसल्या.

“आगं, उलटं कुठं चोळतीस? दुखनं डोक्यात चढंल की माझ्या!”

मी झडपांचं सांगितलं. त्यांनी स्वतःची पोटरी दाबून पाहिली. मग म्हणाल्या, “म्हंजी पोटरी ही मोट झाली म्हन की. खालचं पानी वर वडायचं.”

मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते इतके खूश झाले की तेव्हापासून वर्गात पोटरीला मोटच म्हणू लागले. मी घरी येऊन तेही सांगितलं. त्या दिवशी सासूबाईंनी माझ्या ताटात भाकरीवर लोणी जरा जास्त घातलं. ते लोणी मीच काढून दिलेलं होतं, ही गोष्ट निराळी.

दिवाळीनंतर खांदा आला. तोवर मी खुबा, कणा, बरगड्या एवढं शिकले होते, पण गुडघ्याच्या वर माझा हात अजून बिचकत होता. आया म्हणायची, “अगं दाब की नीट. मी काय तुझी सासू हाय?”

डॉक्टरांनी फळ्यावर खांदा काढला. खुब्याचा सांधा म्हणजे खोल वाटी, मांडीचं हाड त्यात घट्ट बसतं. खांद्याचं तसं नाही. खांदा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू. बशी खवाट्याच्या, म्हणजे पाठीवरच्या पसरट हाडाची, आणि लिंबू म्हणजे दंडाच्या हाडाचं डोकं. म्हणून हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच त्याला चहूबाजूंनी स्नायूंनी धरून ठेवावं लागतं. सगळ्या सांध्याभोवती एक पिशवी असते. ती काखेत सैल असते, चोळीच्या काखेत शिंपी जादा तुकडा लावतो तशी. हात वर केला की ते जादा कापड उलगडतं.

“आता पन्नाशीच्या आसपास कधी कधी ही पिशवी आतून सुजते,” डॉक्टर म्हणाले. “दुखतं म्हणून बाई हात वर करत नाही. करत नाही म्हणून पिशवी आकसते. आकसली की हात वर जातच नाही. अशी बाई तुमच्याकडे येऊन खांदा दुखतो असं सांगणार नाही. तुम्ही ओळखायचं. सांगा, ती घरात कायकाय करायचं सोडेल?”

“येनी घालायचं,” आया म्हणाली.

“दांडीवर धुणं वाळत घालायचं,” मागून कोणीतरी म्हटलं.

“बरोबर. फळीवरचा डबा काढायचं सोडेल. दाराची वरची कडी लावायचं सोडेल. आणखी?”

“शिंक्यावरचं लोणी,” मी म्हटलं.

म्हटलं आणि माझ्याच कानांवर आदळलं. शिंकं. फळी. कडी. पोळ्याच्या बैलाचं कपाळ. मला मिळालेला सगळा कारभार खांद्याच्या वरचा होता. खांद्याखालचं, म्हणजे पेटीची किल्ली, धान्याची कणगी, पुरणाचं पातेलं, यातलं एकही सासूबाईंनी मला दिलेलं नव्हतं.

खरं सांगते, मला आधी त्यांची दया आली नाही. राग आला. चार महिने मी गावभर मिरवले होते. माहेरी कळवलं होतं की सासूनं घर माझ्या हातात दिलं. आणि दिलं काय होतं, तर त्यांचा हात जिथे पोचत नव्हता ते. एसटीत बसून मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत घरी आले, आणि त्या रागात एक हलकट गोष्ट केली. सासूबाई रोज सकाळी मिश्री लावत. त्यांचा मिश्रीचा डबा चुलीजवळच्या कोनाड्यात असे. तो मी वरच्या फळीवर ठेवून दिला.

पहिल्या दिवशी त्या कोनाड्यासमोर उभ्या राहिल्या, फळीकडे पाहिलं, आणि शेजारच्या काकूंकडे जाऊन मिश्री लावून आल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटत होतं, आता म्हणतील, पोरी, तेवढा डबा काढून दे. एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्या बाई शेजारी जायला तयार, माझ्याकडे मागायला तयार नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन आत आले तर त्या उखळ पालथं घालून त्यावर चढलेल्या. उजवा हात पोटाशी धरलेला, आणि डाव्या हातानं फळी चाचपत होत्या. उखळ हललं. मी घागर टाकली आणि धावत जाऊन त्यांना काखेत हात घालून धरलं. तीन वर्षांत गुडघ्याच्या वर पहिल्यांदाच मी त्यांना हात लावला होता. त्या अशा ओरडल्या की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला.

त्यांना खाली बसवलं. घरभर पाणी झालं होतं. मी म्हटलं, “डबा मीच वर ठेवला होता, आत्याबाई.” आणि रडू लागले.

“म्हाईत हाय मला,” त्या म्हणाल्या. “मांजार थोडंच ठेवनार हाय?”

मग त्या हळूहळू बोलल्या. त्यांची सासू खुब्यात मोडली तेव्हा त्या नव्या सूनच होत्या. “तिसऱ्या दिशी तिच्या कमरंची किल्ली काढली आन् माझ्या कमरंला लावली. तिला कुनी इचारलंबी न्हाई. धा वरसं वट्यावर बसून हुती. भाकर मागायची तरी माझ्याकडनं. माझा हात जाईना तवा मला तीच दिसाया लागली. म्हनलं, कुनी काढून घ्यायच्या आत आपनच द्यावं. दिलं म्हंजी चारचौघात दिसाया तरी बरं दिसतं.”

“मग मला शिकायला का पाठवलं?”

“म्हनलं, वरचंबी शिकवत्यात तर बघावं,” त्या म्हणाल्या, आणि पदराला डोळे पुसायला म्हणून डावा हात उचलला.

त्या क्षणी मला कळलं की सहा महिन्यांची ती परीक्षा खरी परीक्षा नव्हे. हा हात वर गेला पाहिजे. नाही गेला तर या बाई एकेक करून सगळं देऊन टाकतील आणि ओट्यावर जाऊन बसतील, आणि मी ते मान म्हणून घेत राहीन.

डॉक्टरांकडे यायला त्या तयार झाल्या, पण परक्या पुरुषानं हात लावायचा नाही या बोलीवर. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, हात तुमची सून लावेल, मी लांबून बघतो. ते खिडकीशी उभे राहिले. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे सासूबाईंचं कोपर बरगडीला टेकवलं आणि मनगट धरून हात बाहेरच्या बाजूला उघडला. डावा हात दारासारखा उघडला. उजवा जागचा हलेना. डॉक्टरांनी मान हलवली. मोडलेलं काही नाही म्हणाले, लघवीतली साखरही पाहिली, ती नव्हती.

“वर्षभर लागेल,” ते म्हणाले. “रोज केलंत तर हात वर येईल. कंटाळलात तर आहे तिथेच राहील.”

रोज दुपारी, मी वर्गाला निघायच्या आधी, आमचं सुरू झालं. आधी तव्यावर तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीनं शेक. मग तिळाचं तेल, दंडापासून खांद्याकडे आणि खवाट्याभोवती. मग ओणवं होऊन डाव्या हातानं जात्याचा आधार घ्यायचा आणि उजव्या हातात पाण्याचा तांब्या धरून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. शेवटी भिंत. भिंतीसमोर उभं राहून बोटं चालवत चालवत वर न्यायची. बोटांना चुना लावायचा, म्हणजे कुठवर पोचली त्याची खूण राहते. आमच्या शेणानं सारवलेल्या भिंतीवर चुन्याच्या बोटांची रांग उठायला लागली.

पदर खाली घ्यायला पहिले आठ दिवस त्या तयार होईनात. मी पदरावरूनच चोळत होते आणि लुगडं तेलकट होत होतं. “मी काय बैल हाय, खांदा मळायला?” त्या म्हणायच्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात, त्या खांदेमळणीवरून.

मी नुकतंच शिकलेलं त्यांच्यापुढे पाजळलं. “बैलाला गळपट्टीचं हाड नसतं, आत्याबाई. म्हणून त्याचा पाय आपल्या हातासारखा बाजूला वर जात नाही.”

“मग मीबी बैलच झाले म्हन की,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसताना पदर ढळला तो त्यांनी पुन्हा ओढला नाही.

संक्रांतीपर्यंत खूण हनुवटीच्या उंचीला आली, आणि मला घाई सुटली. संक्रांतीला बायका हळदीकुंकवाला येणार. त्यांच्यादेखत सासूबाईंनी उजव्या हातानं कुंकू लावावं असं माझ्या मनात भरलं. आदल्या दिवशी मी जोर लावून त्यांचा हात वर ओढला. वीतभर गेला असेल. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या पांढऱ्याफटक पडल्या, आणि आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भिंतीवरची खूण चार बोटं खाली आली.

डॉक्टरांनी माझी चांगली हजेरी घेतली. “सांध्याशी भांडायला गेला होतात? आतली पिशवी घाबरली की आणखी आवळते. दुखण्याच्या अलीकडे थांबायचं. रोज तिथेच थांबायचं. ते आपण होऊन पुढे सरकतं.” घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, “चुकलं माझं.” त्या म्हणाल्या, “चुकलंच.” आणि वाळूची पुरचुंडी माझ्यापुढे सरकवली.

परीक्षा गुढीपाडव्याच्या सुमारास झाली. पुण्याहून एक वयस्क परीक्षक आले होते. त्यांनी मला खांद्याच्या हालचाली विचारल्या. पुस्तकातले शब्द मला येत होते, पण ऐन वेळी तोंडून भलतंच निघालं. “समोरून वर म्हणजे शिंक्यावरचं लोणी काढणं. बाजूनं वर म्हणजे दांडीवर धुणं टाकणं. पाठीमागे म्हणजे कासोटा खोचणं. बाहेर फिरवून वर म्हणजे वेणी घालणं.” परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. आमचे डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. “आणि यातलं आधी काय जातं?” परीक्षकांनी विचारलं. “वेणी जाते,” मी म्हटलं, “पण बाई सांगत नाही.” मला पास केलं. आठवड्यातले तीन दिवस दवाखान्यात काम मिळालं. आयानं वर्गातच मला मिठी मारली, आणि तिची ती मिठी माझ्या बरगड्यांना दोन दिवस आठवत होती.

घरी मात्र माझा कारभार आटायला लागला होता. वैशाखात एके दिवशी मी दाराची कडी लावायला गेले तर ती लागलेली. मग गुळाचा डबा जागेवर नव्हता. म्हणजे होता फळीवरच, पण पार मागे, जिथे सासूबाई ठेवत तिथे. ज्येष्ठात मी सकाळी शिंक्याकडे गेले आणि गाडगं रिकामं. “आत्याबाई, लोणी?”

“काढलं म्या,” त्या चुलीपुढून म्हणाल्या. तेवढंच. डोळे चुलीकडे.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, थोडं वाईटही वाटलं. मी माझ्या हातांनी चोळून चोळून माझाच मान परत पाठवत होते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मग चोळू नको,” आणि आम्ही दोघंही हसलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सासऱ्यांनी बैल नदीवर धुऊन आणले आणि गोठ्यात त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळलं. जू बसून बसून जिथे घट्टे पडतात, तिथे अंगठ्यानं गोल गोल, दुखऱ्या जागेच्या अलीकडे थांबत. मी बघतच राहिले. त्यांना हे कोणीच शिकवलं नव्हतं. वाटीत थोडं उरलं. सासऱ्यांनी ती वाटी माझ्या हातात दिली, घराच्या दिशेनं मान हलवली आणि म्हणाले, “तिलाबी लाव.” त्या दिवसाचे त्यांचे शब्द तेवढ्यात संपले.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी आपणहून खांद्यावरचा पदर खाली घेतला. “लाव,” म्हणाल्या. “बैलांचं झालं न्हवं?” मी हळद-तूप लावलं. त्यांच्या खांद्याखाली आता काय काय आहे ते मला नावानिशी माहीत होतं, पण तेव्हा एकही नाव आठवलं नाही. मऊ, जुना, उन्हानं काळवंडलेला खांदा होता आणि तो माझ्या हातावर विसावला होता. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बैल दारात आले. शेजारच्या काकू होत्या, आणखी चार बायका होत्या. मी ताट तयार केलं आणि तांब्या घेऊन मागे उभी राहिले, पहिल्या दोन वर्षांसारखी. सासूबाई ताट घेऊन पुढे झाल्या. उजव्या अंगाचा बैल थोराड, आणि माणूस दिसलं की मान वर करणारा. त्यानं नेमकी मान वर केली. सासूबाईंनी ताट डाव्या हातात घेतलं, बोटावर कुंकू घेतलं आणि उजवा हात वर नेला. हात कपाळाच्या उंचीवर आला, तिथे जरा थांबला, दुखण्याच्या अलीकडे. मग सरळ वर गेला आणि बैलाच्या कपाळावर टेकला. त्यांनी ठसठशीत कुंकू लावलं, बैलाला सावकाश ओवाळलं आणि पोळीचा घास भरवला. बायकांपैकी कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. सासऱ्यांनी दावं या हातातून त्या हातात घेतलं.

मग सासूबाई दुसऱ्या बैलाकडे न जाता माझ्याकडे वळल्या आणि ताट माझ्यापुढे धरलं. मी घेईना.

“घे,” त्या म्हणाल्या. मग कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, “गेल्या साली हात जाईना म्हनून दिलं हुतं. औंदा द्यावंसं वाटतंय म्हनून देते.”

मी तांब्या त्यांच्या हातात दिला आणि ताट घेतलं. डोळे भरल्यामुळे मी कुंकू बैलाच्या कपाळाऐवजी त्याच्या डोळ्याजवळ लावलं, आणि मागून सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, “आगं, वर. जरा वर. हात उचल की!”

त्या होत्या तोवर दर पोळ्याला असंच चाललं. उजवा बैल त्यांचा, डावा माझा.